हाताची घडी, तोंडावर बोट: प्रयोगशाळेत मेंटर म्हणून जाताना

ट्रेनिंग झालं. फाइल मिळाली, सर्टिफिकेट मिळालं, ग्रुप फोटो झाला. सोमवारी टेक्निशियन आपल्या लॅबमध्ये परतला, तर समोर सगळं जसंच्या तसं: अर्धवट भरलेले फॉर्म, संपत आलेलं रीएजंट (तपासणीचं रसायन), बंद पडलेला सेंट्रिफ्यूज आणि रिपोर्टसाठी खिडकीत उभी रांग. शिकून आलेलं त्याने लावायचं कुठे? महिन्याभरात फाइल कपाटावर गेली.

विकसनशील देशांतल्या प्रयोगशाळा सुधारायला येणारा पैसा बऱ्याचदा असा कपाटावर जातो. ट्रेनिंग वाईट असतं असं नाही. पण नंतर बेंचपाशी, म्हणजे कामाच्या टेबलापाशी, कुणी येऊन उभं राहिलं नाही तर ते मुरत नाही. मी बायोकेमिस्ट्रीच्या बेंचवरून गुणवत्तेच्या कामात आले आणि आता दुसऱ्यांच्या लॅबमध्ये मेंटर म्हणून जाते. जिल्हा पातळीवरची रुग्णालयं, मोजके टेक्निशियन, एखादा ॲनालायझर (नमुने तपासणारं मशीन), एक-दोन मायक्रोस्कोप आणि उपसून न संपणारं काम, अशा लॅब. पहिल्यांदाच निघालेल्या मेंटरना मी जे सांगते ते इथे लिहिते आहे.

त्यातली सगळ्यात अवघड गोष्ट आपण शाळेतच शिकलेलो असतो: हाताची घडी, तोंडावर बोट. तुम्हाला काम येतं म्हणून तुम्हाला पाठवलंय, आणि नेमकं तेच काम तिथे करायचं नाही. रांग वाढते, हात शिवशिवतात, आपण पिपेट (द्रव मोजून घ्यायची नळी) उचलतो. त्या क्षणी लॅबला एक जास्तीचा टेक्निशियन मिळतो आणि मेंटर जातो. तुम्ही परत फिरलात की तो टेक्निशियनही जातो.

ही पद्धत आली कुठून

जानेवारी २००८ मध्ये मोझांबिकची राजधानी मापुटो इथे प्रयोगशाळा सेवा बळकट करण्याचा जाहीरनामा निघाला. एचआयव्ही, क्षय आणि मलेरियासाठी औषधं पोचत होती, पण ती कुणाला द्यायची आणि लागू पडतात का हे सांगणाऱ्या लॅब मागे पडल्या होत्या. पुढच्या वर्षी, २००९ मध्ये, रवांडातल्या किगाली इथे जागतिक आरोग्य संघटनेच्या आफ्रिका विभागाने पायरीपायरीने मानांकनाकडे, म्हणजे लॅबच्या गुणवत्तेच्या अधिकृत मान्यतेकडे, जायची योजना पुढे आणली. त्याच वेळी लॅबचं व्यवस्थापन मानांकनाच्या दिशेने सुधारायला शिकवणारा एसएलएमटीए हा प्रशिक्षण कार्यक्रम सुरू झाला. त्या पायऱ्यांच्या योजनेला आज सगळे स्लिप्टा म्हणतात, आणि तिची स्वतःची तपासणी यादी आहे.

हे मी का सांगते? कारण एसएलएमटीएची रचना शिकण्यासारखी आहे. त्यात एक सलग मोठी कार्यशाळा नसते. तीन छोट्या असतात आणि मध्ये काही महिन्यांचं अंतर असतं. त्या अंतरात प्रत्येकाने आपापल्या लॅबमध्ये एक सुधारणा करून, मोजून, पुढच्या कार्यशाळेत मांडायची. सुरुवातीला आणि शेवटी ऑडिट. मेंटर येतो तो या मधल्या महिन्यांत. म्हणजे खरा वर्ग लॅबमध्येच भरतो, कार्यशाळा हे फक्त गृहपाठ तपासायचं ठिकाण. तुम्ही कुठल्याही देशात, कुठल्याही नावाच्या प्रकल्पात असा, वेळापत्रक आखताना हे प्रमाण सोडू नका.

एकदम आयएसओ १५१८९ चं, म्हणजे वैद्यकीय लॅबसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं, मानांकन घ्यायला लावणं का जमत नाही, तेही यातून कळतं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सहाराच्या दक्षिणेकडच्या ४९ आफ्रिकी देशांपैकी ३७ देशांत आंतरराष्ट्रीय मानांकन असलेली एकही लॅब सापडली नव्हती. ज्या इमारतीला जिनाच नाही तिथे गच्चीवरून हाक मारून कोण वर येणार? स्लिप्टाने पायऱ्या दिल्या. यादीच्या २०१५ च्या आवृत्तीत एकूण २७५ गुण; ५५ टक्क्यांना पहिला तारा, ६५ ला दुसरा, असं करत ९५ टक्क्यांना पाचवा.

पोचल्यावर पहिलं काम: एका नमुन्याच्या मागे चाला

पहिल्या दिवशी तपासणी यादी बाहेर काढू नका. ती बघितली की समोरचे खांदे ताठ होतात, तुम्ही इन्स्पेक्टर ठरता आणि त्या दिवसापासून तुम्हाला फक्त चांगली रजिस्टरं दिसतात. आधी रुग्णालयाच्या प्रमुखांना भेटा, लॅबच्या इन-चार्जना भेटा, आणि दोघांच्या समोर एकच वाक्य बोला: मी गुण द्यायला आलेले नाही, माझा अहवाल आधी तुम्ही वाचाल आणि मग पुढे जाईल. हे वाक्य पाळा मात्र.

मग एक नमुना निवडा आणि त्याच्या मागे चालत राहा. डॉक्टरांनी फॉर्म लिहिला तिथपासून रिपोर्ट त्यांच्या हातात पडेपर्यंत. घड्याळ बघत, वहीत वेळ लिहीत, मध्ये न बोलता. तुम्हाला दिसेल की ट्यूबवर नावाऐवजी नुसता खाटेचा नंबर आहे. दंडाला टूर्निकेटचा पट्टा बांधून नर्स दुसरीकडे गेली आणि बऱ्याच वेळाने परतली. खरं तर मिनिटापेक्षा जास्त वेळ ते राहू नये. साखरेचं रक्त साध्या ट्यूबमध्ये घेऊन खिडकीत उन्हाला ठेवलंय. खोलीच्या तापमानाला सिरम (गोठलेल्या रक्तातून सुटणारा द्रव) वेगळं न करता ठेवलेल्या रक्तातली साखर तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी उतरते, म्हणजे दोन-तीन तासांनी मधुमेही माणूस कागदावर बरा झालेला असतो. ॲनालायझर कितीही चांगला असला तरी त्याला हे कळणार नाही.

लॅबच्या एकूण चुकांपैकी निम्म्याहून जास्त चुका नमुना मशीनपाशी पोचायच्या आधीच होतात, हे प्रयोगशाळाशास्त्रातल्या अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. तरी ट्रेनिंगचे तास जातात ते मशीनवर. नर्स आणि वॉर्डबॉय तर त्या यादीत नसतातच.

हे बेंचवर कसं शिकवायचं, त्याचं एक उदाहरण. एका रुग्णालयात तरुण टेक्निशियन माझ्याकडे स्लिप घेऊन आला.

"मॅडम, पोटॅशियम ८.२ आलंय. रिपीट केलं, ८.१. सोडू का रिपोर्ट?"

"पेशंट कसा आहे?"

त्याने वॉर्डला फोन लावला. पेशंट खाटेवर बसून शेजारच्याशी गप्पा मारत होता. ८.२ पोटॅशियमला हृदय कधीही दगा देऊ शकतं.

"याच सिरमवर अजून काय लावलंस?"

त्याने स्क्रीन खाली सरकवला. कॅल्शियम ४.९, फारच कमी. अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम जवळजवळ शून्य. तो थांबला. मी काही बोलले नाही. त्याने रॅककडे बघितलं, जांभळ्या टोपणाच्या ट्यूबवर त्याची नजर गेली आणि तो स्वतःशीच म्हणाला, "ईडीटीए."

बरोबर. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये ईडीटीएचं पोटॅशियम मीठ असतं. ते कॅल्शियम बांधून ठेवतं म्हणून रक्त गोठत नाही. आणि अल्कलाइन फॉस्फटेजला लागणारे झिंक आणि मॅग्नेशियमही पकडतं. लाल टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त कमी पडलं म्हणून कुणीतरी जांभळ्यातलं थोडं तिच्यात ओतलं होतं. हे मी त्याला पहिल्या मिनिटाला सांगू शकले असते. मग पुढच्या वेळी तो पुन्हा मला शोधत आला असता, आणि मी तिथे नसते.

त्यानंतर मी त्याला वॉर्डमध्ये पाठवलं, एकट्याला. कुठली ट्यूब आधी भरायची याचा तक्ता भिंतीवर आधीपासून होता, कुणी वाचत नव्हतं. त्याने पाळी बदलायच्या वेळी दोन्ही रिपोर्ट, चुकीचा आणि नव्या नमुन्याचा, नर्सेसच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. पहिल्या रिपोर्टवर उपचार केले असते तर काय झालं असतं हे त्यांना सांगावं लागलं नाही. तक्त्यापेक्षा ते दोन कागद जास्त बोलले.

मग यादी, पण त्यांच्या हातात

आता बेसलाइन, म्हणजे सुरुवातीचं, ऑडिट करा. यादी तुमच्या हातात नको, टेक्निशियनच्या हातात द्या. प्रश्न त्याने वाचायचा, पुरावा त्याने शोधायचा, "हो", "अंशतः" किंवा "नाही" त्याने लिहायचं. तुम्ही फक्त विचारायचं, "कुठे लिहिलंय? दाखव." फ्रिजच्या तापमानाचा तक्ता भरलेला आहे, वा! पण रविवारीही भरलाय आणि रविवारी लॅब बंद असते, हे त्यालाच दिसू द्या. तो हसतो. तुम्हीही हसा. तिथे भाषण दिलंत तर पुढची सगळी उत्तरं "हो" येतील.

पहिला स्कोअर बहुतेक ठिकाणी पहिल्या ताऱ्याच्या खालीच असतो, तो कुठेही लावू नका, वरच्या कार्यालयाच्या सादरीकरणात तर नकोच. ताऱ्यांच्या मागे लागण्याचा रोग मी खूप पाहिलाय. ऑडिटच्या आधीच्या आठवड्यात रात्र-रात्र जागून कागद तयार होतात, तारा मिळतो, आणि पुढच्या महिन्यात कंट्रोल (उत्तर आधीच माहीत असलेले, मशीन तपासायचे नमुने) संपलेले असतात.

कागदांचं निघालंच आहे तर एसओपीबद्दल, म्हणजे तपासणी कशी करायची याच्या लेखी पायऱ्यांबद्दल. दुसऱ्या लॅबची एसओपी उतरवून घेणं सर्रास चालतं. मी एका लॅबची एसओपी वाचत होते. तिच्यात वर्णन केलेला ॲनालायझर त्या इमारतीत कधी आलेलाच नव्हता. एसओपी खरी आहे का हे ओळखायची सोपी परीक्षा आहे. ज्याने ती तपासणी कधी केलेली नाही अशा टेक्निशियनला नुसती एसओपी देऊन बसवा आणि त्याला कुठे अडतं ते पेन्सिलने खूण करत जा. त्या खुणांवरून लिहिलेली दोन पानांची एसओपी चाळीस पानांच्या उताऱ्यापेक्षा चांगली.

आणि एक शब्दप्रयोग मी चुकांच्या रजिस्टरमध्ये चालू देत नाही: "संबंधित कर्मचाऱ्यास समज दिली." चूक झाली, कारण काय, तर निष्काळजीपणा, उपाय काय, तर समज दिली. हे कारणही नाही आणि उपायही नाही. नावाची अदलाबदल झाली असेल तर त्या वेळी बेंचवर किती नमुने होते, लेबल कुठे लावत होते, फोन कोण उचलत होतं, हे लिहा. बहुतेक वेळा कळतं की तिथे कुणालाही बसवलं असतं तरी हेच झालं असतं.

एकच सुधारणा निवडा

ऑडिटमधून पन्नास त्रुटी निघतील. त्यातली एक निवडा, आणि ती लॅबने निवडू दे. तुम्हाला बायोसेफ्टी (संसर्गापासून बचाव) महत्त्वाची वाटत असेल, त्यांना रीएजंट संपण्याचा त्रास असेल, तर रीएजंटपासून सुरुवात. (सुईला परत टोपण लावणं आणि तोंडाने पिपेट ओढणं मात्र त्याच दिवशी थांबवा, त्याला मतदान नाही.)

रीएजंटचंच घेऊ, कारण जवळजवळ सगळ्या लॅब इथे अडतात. साखरेच्या तपासण्या रोज २०. मागणी गेल्यापासून माल यायला ४५ दिवस. म्हणजे वाटेतल्या काळासाठी ९०० तपासण्यांचं रीएजंट हवं. गाडी उशिरा आली तर, म्हणून आणखी १५ दिवसांचं राखीव, ३००. कपाटात १,२०० तपासण्यांचा साठा उरला की त्याच दिवशी मागणी लिहायची, संपल्यावर नाही. एवढं गणित सगळ्यांना पटतं. चुकतं ते पुढे: रोजचे दोन कंट्रोल, कॅलिब्रेशन, रिपीट, बाटलीच्या तळाशी उरणारं रीएजंट हे कुणी धरत नाही. शंभर तपासण्यांच्या किटमधून शंभर पेशंटचे रिपोर्ट कधीच निघत नाहीत. टेक्निशियनला मागच्या तीन महिन्यांची रजिस्टरं घेऊन खरा खप काढायला बसवा. आकडा वीसवरून तेवीस-चोवीसवर जातो, आणि दर वेळी शेवटच्या आठवड्यात माल का संपतो याचं उत्तर स्टोअरच्या माणसाला शिव्या न घालता मिळतं.

मग मोजत राहा. साठा किती दिवस शून्यावर होता, दर महिन्याला एक आकडा, भिंतीवरच्या कागदावर, हाताने काढलेला. कॉम्प्युटरवरचा आलेख कुणी उघडत नाही.

कंट्रोल "लागेपर्यंत" लावणे

इथे मी रेंगाळणार आहे, कारण लॅबचं चारित्र्य क्यूसीच्या, म्हणजे गुणवत्ता नियंत्रणाच्या, वहीत दिसतं.

कुठल्याही लॅबमध्ये जाऊन लेव्ही-जेनिंग्ज चार्ट मागा. लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी १९५० मध्ये ही पद्धत क्लिनिकल लॅबमध्ये आणली. मधली रेघ म्हणजे सरासरी, वर-खाली एक, दोन, तीन एसडीच्या (आकडे सरासरीपासून किती पसरतात त्या मापाच्या) रेघा, रोजच्या कंट्रोलचा एक ठिपका. चार्टच नसेल तर काम सरळ आहे, सुरुवात करायची. चार्ट आहे आणि सगळे ठिपके मधल्या रेघेवर ओळीने बसलेत, तर काम अवघड आहे. खरे आकडे असे वागत नाहीत. सगळं ठीक चाललेलं असतानाही वीसातला एखादा ठिपका दोन एसडीच्या बाहेर जातोच. ज्या चार्टवर वर्षभरात एकही ठिपका बाहेर गेलेला नाही, तो चार्ट मशीनने काढलेला नाही.

त्याच्या मागे एक सवय असते. सकाळी कंट्रोल लावला, मर्यादेबाहेर आला. परत लावला, बाहेर. तिसऱ्यांदा आत आला: "लागला एकदाचा!" आणि पेशंट सुरू. पहिले दोन आकडे कुठेच लिहिले जात नाहीत. यात लबाडी थोडी आणि भीती जास्त असते. बाहेर गेलेला कंट्रोल म्हणजे आपली चूक, असं त्यांना कुणीतरी कधीतरी सुनावलेलं असतं. म्हणून मी नियम शिकवायच्या आधी इन-चार्जकडून एक गोष्ट कबूल करून घेते: बाहेर गेलेला आकडा जो लिहील त्याला कुणी विचारणार नाही, जो लिहिणार नाही त्याला विचारू.

त्यानंतर हा चार्ट वाचायचे वेस्टगार्डचे नियम, १९८१ चे, आणि तेही सगळे एकदम नकोत. पहिल्या महिन्यात तीन पुरतात. एक आकडा तीन एसडीच्या बाहेर: रिपोर्ट थांबवा. सलग दोन आकडे एकाच बाजूला दोन एसडीच्या बाहेर: थांबवा. सलग दहा आकडे सरासरीच्या एकाच बाजूला: काहीतरी सरकलंय, शोधा. सरासरी आणि एसडी कंट्रोलच्या बाटलीबरोबरच्या कागदावरून उचलू नका. तिथली मर्यादा अनेक लॅब आणि अनेक मशीनसाठी असते आणि इतकी रुंद असते की तिच्यात हत्तीही मावेल. वेगवेगळ्या दिवशी घेतलेले निदान २० आकडे जमवून आपली स्वतःची काढा.

तिसरा नियम शिकवताना मला सगळ्यात मजा येते. साखरेचा कंट्रोल दोन आठवडे थोडा थोडा खाली खाली चाललाय, एकही ठिपका "फेल" नाही. चार्ट टेबलावर ठेवायचा आणि विचारायचं, "कधीपासून?" ते बोटाने मागे जातात, तारीख सापडते. "त्या दिवशी काय बदललं?" रीएजंटच्या वहीत नवा लॉट (बॅच)? डिस्टिल्ड वॉटरचा कॅन? मशीनचा दिवा? फ्रिज रात्री बंद पडला होता? उत्तर तुम्हालाही ठाऊक नसतं, हे फार बरं. दोघे मिळून शोधता. आणि वही नसेल तर शोधताच येत नाही, तेव्हा लॉट नंबर का लिहायचा हे वेगळं शिकवावं लागत नाही.

पिपेटवर संशय आला तर तो तराजूवर तपासता येतो. १०० मायक्रोलिटर पाण्याचं वजन साधारण १०० मिलिग्रॅम भरतं. मिलिग्रॅमचा दहावा भाग दाखवणाऱ्या तराजूवर दहा वेळा डिस्टिल्ड पाणी टाकून वजनं लिहा. सरासरी ९० आली तर पिपेट कमी घेतो. वजनं एकदा ९४, एकदा १०५ अशी पसरली, तर आधी तो वापरणारा हात बघा.

मायक्रोस्कोपपाशी

स्लाइड वाचणं बोलून शिकवता येत नाही. शेजारी बसा, त्यांनी वाचलेल्या स्लाइड नाव झाकून, उत्तर न बघता पुन्हा वाचा, मग दोघांची उत्तरं जुळवा. थुंकीच्या स्लाइडमध्ये क्षयाचे जंतू नाहीत असं लिहायला ऑइल इमर्शन भिंगाखाली १०० फील्ड (एका वेळी भिंगातून दिसणारा भाग म्हणजे एक फील्ड) बघायला हवीत. शंभर फील्डमध्ये १ ते ९ जंतू दिसले तर नेमका आकडा लिहायचा, १० ते ९९ असतील तर १+. नेमका आकडा लिहिण्याचा कंटाळा जिथे दिसेल तिथे फील्डही मोजली जात नाहीत, असं खुशाल समजा. पण बोलायच्या आधी दिवसभरात एका माणसासमोर किती स्लाइड येतात ते मोजा. झील-नील्सन पद्धतीने रंगवलेल्या या स्लाइड एका माणसाने दिवसाला वीस-पंचवीसच्या वर वाचू नयेत. समोर साठ असतील तर तुमच्या मेंटरिंगने डोळे वाढणार नाहीत. तो आकडा घेऊन रुग्णालयाच्या प्रमुखांकडे जा.

बोलायचं कसं

"असं का करता?" हा प्रश्न कुठल्याही भाषेत आरोपच ठरतो. "हे कसं ठरवता?" विचारा. सगळ्यांसमोर दुरुस्ती करू नका. जुन्या टेक्निशियनना, ज्यांनी हाताने गणित करून रिपोर्ट काढलेत, त्यांना शिष्य करू नका. त्यांना विचारा की मशीन बंद पडतं तेव्हा काय करता. उत्तर ऐकण्यासारखं असतं, आणि पुढे तेच तुमचे सगळ्यात पक्के माणूस होतात. रात्रपाळी बघायला नक्की जा, कारण सकाळची लॅब आणि रात्रीची लॅब या दोन वेगळ्या लॅब असतात.

शिकवायचा क्रम चार टप्प्यांचा: तुम्ही करून दाखवा, एकदाच. मग त्याने करायचं, तुम्ही बघायचं. मग त्याने दुसऱ्याला शिकवायचं, तुम्ही लांब उभं राहायचं. मग तुम्ही नसताना व्हायचं. बहुतेक मेंटर दुसऱ्या टप्प्यावर खूश होऊन निघून येतात. प्रत्येक कामाला निदान दोन माणसं तयार करा, कारण शिकलेल्या माणसाची बदली होते किंवा त्याला खासगी लॅब उचलते. त्यात त्याचं काही चुकत नाही.

जे मेंटरिंगने सुटत नाही

वीज, पाणी, पगार, रिकामी पदं. यातलं काही तुमच्या हातात नाही आणि तसं पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. देणगीत आलेलं मशीन हा वेगळाच विषय आहे. मशीन फुकट येतं, त्याचं रीएजंट एकाच कंपनीचं असतं, दुरुस्तीला येणारा इंजिनिअर दुसऱ्या देशात असतो, आणि सहा महिन्यांत त्यावर चादर पडते. कुणी मशीन देऊ केलं तर लॅबला तीन प्रश्न विचारायला शिकवा: रीएजंट कोण आणि किती वर्षं देणार, सर्व्हिस कोण करणार, वीज गेली तर किती वेळ चालणार. उत्तरं लेखी नसतील तर नम्रपणे नको म्हणायला शिकवा.

निघण्याची तयारी

निघण्याची तारीख पहिल्या दिवशीच सांगा आणि भेटींमधलं अंतर हळूहळू वाढवा. आधी सलग मुक्काम, मग महिन्याने, मग तीन महिन्यांनी. मधल्या काळात फोनवर चार्टचे फोटो येतील: "मॅडम, हे बघा ना." लगेच उत्तर देऊ नका. "तुला काय वाटतं?" एवढंच लिहा आणि थांबा. बऱ्याचदा तासाभरात त्याचाच मेसेज येतो की सापडलं.

लॅबची परीक्षा घ्यायला बाहेरून येणाऱ्या ईक्यूए नमुन्यांवर लक्ष ठेवा. ते आले की सगळ्यात हुशार टेक्निशियन बसतो, तीन-तीनदा लावतो, शेजारच्या लॅबला फोन करून आकडा जुळवतो. असं जुळवलेलं उत्तर कुणाच्याच कामाचं नाही. ज्याची पाळी असेल त्याने, पेशंटच्या नमुन्यांसारखं, एकदाच लावायचं. उत्तर चुकलं तर त्याच दिवसाचे पेशंटचे रिपोर्टही काढून बघायचे, कारण चूक तिथेही गेलेली असणार.

शेजारच्या दोन लॅबना एकमेकींचं ऑडिट करायला लावा. ही लॅब तिकडे, ती इकडे. दुसऱ्याच्या घरात दिसलेलं नीट लक्षात राहतं, आणि नंतर तुमच्याशिवायही ते एकमेकांना फोन करत राहतात.

शेवटची बैठक रुग्णालयाच्या प्रमुखांबरोबर घ्या, इन-चार्जना सोबत घेऊन. बोलू द्या त्यांनाच. मागण्या दोनच ठेवा: पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात कंट्रोलच्या खरेदीसाठी एक ओळ आणि मशीनच्या सर्व्हिसिंगसाठी एक ओळ. प्रकल्पाच्या पैशातून आलेले कंट्रोल प्रकल्पाबरोबर संपतात. या दोन ओळींवर सही झाली नसेल तर तिकीट पुढच्या आठवड्याचं करा आणि पुन्हा वेळ मागा.